इंजिनाच्या हेडाखालील गॅस्केट किती जाड असावें?

गॅस्केट विकत घेण्यास तालुक्याच्या दुकानीं गेलें असतां दुकानदार दोन-तीन पाकिटें पुढें टाकतो आणि विचारतो, "पातळ देऊं कीं जाड?" या साध्या प्रश्नाचें उत्तर आपणांपैकीं बहुतेकांस देतां येत नाहीं. आम्हांसहि तें कालपरवांपर्यंत देतां येत नव्हतें, हें आधींच कबूल करतों. मग आपण फिटराकडे पाहतों, फिटर दुकानदाराकडे पाहतो, आणि शेवटीं जें शिलकेस असेल तें पिशवींत पडतें. सबंध इंजिनाच्या किंमतीपुढें ही वस्तु अगदींच क्षुल्लक. परंतु तिच्या जाडींत मिलिमीटरभराची चूक झाली तर पाण्याच्या पाळ्या चुकतात, डिझेल वायां जातें, आणि प्रसंगीं पिस्टनहि फुटतो. म्हणून ही जाडी कोणत्या हिशेबानें ठरवावी याचा विचार येथें करावयाचा आहे.

आधीं आमचा अनुभव सांगतों. गेल्या चैत्रांत आमच्या मळ्यांतील विहिरीवरचें एक सिलिंडरी डिझेल इंजिन तापलें. शेजारींच विजेचा पंप आहे. परंतु वीज येण्याजाण्याच्या वेळा आपल्या हातीं नसल्यामुळें जुनें इंजिन आम्हीं मोडींत घातलेलें नाहीं. विहिरीचें पाणी जड आहे. त्या पाण्यांतील क्षारांचीं पुटें सिलिंडरभोंवतींच्या पोकळींत बसत बसत पाण्याची वाट अरुंद झाली होती, आणि तिकडे आम्हीं दोन वर्षें लक्ष दिलें नव्हतें. हेड वांकलें, गॅस्केट जळालें. हेड लेथवर नेऊन त्याची बैठक सपाट करून आणली, त्यांत ०.४ मिलिमीटर माल निघाला. फिटर म्हणाला, "हेडाचा जेवढा माल गेला तेवढी जाडी भरून काढली पाहिजे, नाहीं तर पिस्टन वर आपटेल." हें बोलणें आम्हांस इतकें रास्त वाटलें कीं त्यानें एकावर एक दोन गॅस्केटें बसविलीं तेव्हां आम्हीं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशीं पहाटे दोन गडी हँडल मारून थकले, तरी इंजिन सुरू होईना. धुराड्यांतून पांढरा धूर तेवढा निघे. अखेर उन्हें तापल्यावर तें कसेंबसें लागलें, पण पूर्वीची ताकद त्यांत नव्हती. पाट अर्ध्यानें वाहूं लागला आणि टाकी मात्र लवकर रिकामी होऊं लागली. अकरा दिवस असें रडतखडत चाललें. बाराव्या दिवशीं दोन गॅस्केटांच्या मधूनच दाब फुटला. तोंवर खोडव्याची एक पाळी पुरी चुकली होती आणि दुपारच्या वेळीं उंसाचीं पानें सुरळी होऊं लागलीं होतीं. त्या दिवसांत जें आम्हांस शिकावें लागलें तें वाचकांस फुकट मिळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गॅस्केटचें काम सर्वांस ठाऊक आहे. सिलिंडरच्या ब्लॉकची वरची बैठक आणि हेडाची खालची बैठक या दोन्ही कितीहि घासल्या तरी त्यांत बारीक उंचसखलपणा राहतोच. मध्यें थोडा दबणारा थर असला कीं जळत्या वायूचा दाब, थंड करणारें पाणी आणि वंगणाचें तेल हीं तिन्हीं आपापल्या जागीं राहतात. परंतु या थराचें दुसरें एक काम आहे, तें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. पिस्टन वरच्या टोकास पोंचला असतां त्याचा माथा आणि हेड यांमध्यें जें अंतर उरतें, तें हाच थर ठरवितो. या अंतरास कारागीर बंपिंग क्लिअरन्स म्हणतात. आम्ही त्यास माथ्याचें अंतर म्हणूं. गॅस्केट जाड घेतलें कीं हें अंतर वाढलें, पातळ घेतलें कीं कमी झालें. म्हणजे गॅस्केट निवडणें हें खरोखर माथ्याचें अंतर निवडणें आहे.

हें अंतर वाढल्यानें काय बिघडतें तें अंकांनीं पाहूं. उदाहरणास किर्लोस्करांचें टीव्ही-१ हें इंजिन घेतों. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून तें इतकें वापरलें जातें कीं त्याचीं मापें सर्वत्र छापलेलीं आढळतात. सिलिंडरचा व्यास ८७.५ मि.मी., पिस्टनची चाल ११० मि.मी., आणि दाबप्रमाण, ज्यास कॉम्प्रेशन रेशो म्हणतात, १७.५ ला १. पिस्टन खालून वर येतांना जितकी जागा झाडतो ती सुमारें ६६१ घन सें.मी. भरते. दाबप्रमाण १७.५ याचा अर्थ असा कीं, पिस्टन वर पोंचल्यावर सर्व हवा जेमतेम ४० घन सें.मी. जागेंत कोंडली जाते. आतां या सिलिंडरच्या व्यासाचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे ६ घन सें.मी. जागा. ६६१ च्या मानानें ती कांहींच नाहीं. पण ४० च्या मानानें ती सातवा हिस्सा आहे! गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरनें जाड झालें तर दाबप्रमाण १७.५ वरून १६.३ वर येतें. एक मिलिमीटरनें जाड झालें तर १५.३ वर येतें. १.२ मि.मी. चें एक जादा गॅस्केट घातलें, म्हणजे आमच्या फिटरानें केलें तसें केलें, तर तें १५ वर उतरतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. कोंडलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटावयाचें असतें. तीस अंशांची हवा १७.५ पटीनें दाबली तर ढोबळ हिशेबानें ती ५५० अंशांपर्यंत तापते. १५ पटीनें दाबली तर ५१० पर्यंत. चाळीस अंशांचा हा फरक इंजिन गरम होऊन वेगानें फिरत असतां फारसा जाणवत नाहीं. परंतु पहाटेच्या गारव्यांत हँडल हळू फिरत असतें, रिंगा झिजलेल्या असतात, हवा कडेनें निसटते आणि थंड भिंती तिची उष्णता शोषून घेतात. तेथें हाताशीं मुळांतच थोडी असलेली शिल्लक या चाळीस अंशांत संपते. न पेटलेलें तेल वाफ होऊन बाहेर पडतें, तोच तो पांढरा धूर. आमचे गडी त्या पहाटे दमले ते याच कारणानें. त्यांच्या हातांत जोर कमी नव्हता, तरी बोलणीं मात्र त्यांनींच खाल्लीं.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग शक्य तितकें पातळ गॅस्केट घालावें. तसेंहि नाहीं. थंड आणि थांबलेल्या इंजिनांत मोजलेलें अंतर चालत्या इंजिनांत राहत नाहीं. पिस्टन बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम हें बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. पिनीपासून माथ्यापर्यंत ६० मि.मी. उंचीचा पिस्टन दोनशें अंशांनीं तापला तर तेवढ्यानेंच तो पाव मिलिमीटरहून थोडा अधिक उंच होतो. त्यांत कनेक्टिंग रॉडचा ताण, बेअरिंगांतील ढिलेपणा, माथ्यावर बसणारी काजळीची खपली हीं मिळवा. अंतर यांस पुरेल इतकें नसेल तर पिस्टन प्रत्येक फेऱ्यास हेडास टेकूं लागतो. आरंभीं टक्टक् असा कोरडा आवाज येतो. तो इंधनाचा आवाज समजून पुष्कळ लोक पंपाचें टायमिंग फिरवीत बसतात. पुढें पिस्टनच्या माथ्यावर चकाकणारा डाग पडतो, पिनीचें बुश सैल होतें, आणि एखादे दिवशीं रॉड वांकतो. म्हणून योग्य अंतर तें, जें या सर्व वाढीला पुरून वर थोडेंसें उरतें. त्याहून एक केसहि अधिक नको. तें किती हें इंजिन बांधणाऱ्यानें ठरवून पुस्तकांत दिलेलें असतें. तें पुस्तक आपल्याकडे बहुधा देव्हाऱ्यामागें नाहीं तर धान्याच्या कणगीखालीं असतें. तें शोधून काढावें, आणि न सांपडल्यास विक्रेत्याकडून आंकडा लिहून आणावा. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आंकडा आपल्या इंजिनास लावूं नये.

आमच्या वाचकांस नवल वाटेल, परंतु या विषयाची खरी मेख आम्हांस कळली ती होडींचीं इंजिनें बांधणाऱ्यांच्या रीतीवरून. शेत आणि समुद्र यांचें नातें दिसतें तितकें दूरचें नाहीं. मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टरांत बसणारें पर्किन्स कंपनीचें ४.२३६ हें चार सिलिंडरी इंजिन, व्यास ९८.४ मि.मी. आणि चाल १२७ मि.मी., पाण्याच्या व धुराच्या वाटांत फेरफार करून बोटींतहि बसविलें गेलें. दोन्हीकडे काम एकच: न थांबतां ओझें ओढणें. रस्त्यावरच्या मोटारीस उतार लागतो, सिग्नल लागतो, तेवढा विसांवा मिळतो. बोटीस उतार नाहीं. पंखा पाणी कापीत राहतो आणि इंजिन तासन्‌तास भरल्या ओझ्याखालीं चालतें. विहिरीवरील पंपाचें आणि नांगराला जुंपलेल्या ट्रॅक्टरचेंहि तेंच. म्हणून मोटारींत निभावून जाणारी चूक बोटींत आणि मळ्यांत निभावत नाहीं.

अमेरिकेंत करमणुकीच्या बोटींतून पेट्रोलवर चालणारीं आठ सिलिंडरी इंजिनें पुष्कळ आहेत. शेव्हरोलेचें ५.७ लिटरचें इंजिन त्यांत फार चालतें. व्यास चार इंच, चाल साधारण साडेतीन इंच. तें नव्यानें बांधणाऱ्यापुढें नेहमीं हाच प्रश्न येतो. सततच्या ओझ्याखालीं पेट्रोल अवेळीं भडकून पिस्टन जाळतें. तें टाळावें म्हणून दाबप्रमाण थोडें कमी ठेवावें असें त्यास वाटतें, आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणून तो जाड गॅस्केट उचलतो. आतां हिशेब पाहा. या इंजिनांत पिस्टन वरच्या टोकास असतां बहुधा ब्लॉकच्या बैठकीखालीं इंचाचे सुमारें २५ हजारांश, म्हणजे ०.६४ मि.मी., राहतो. पोलादी पत्र्याचें पातळ गॅस्केट १५ हजारांश, तर नेहमींचें थरांचें गॅस्केट सुमारें ३९ हजारांश जाड असतें. पहिल्यानें माथ्याचें अंतर एक मिलिमीटर होतें, दुसऱ्यानें १.६ मि.मी. या फरकानें नऊचें दाबप्रमाण उतरतें तें जेमतेम ८.६ पर्यंत. फायदा एवढाच.

तोटा मात्र निराळ्याच बाजूनें येतो. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडाचा सपाट भाग यांच्यामध्यें अंतर थोडें असलें म्हणजे पिस्टन वर येतांना तेथील हवा जोरानें मध्याकडे फेंकली जाते, मिश्रण ढवळलें जातें आणि ज्वाळा झपाट्यानें पसरते. शिवाय त्या अरुंद फटींत उरलेलें मिश्रण दोन्ही बाजूंच्या थंड धातूमुळें भडकूं शकत नाहीं. फट दीड मिलिमीटरच्या वर गेली कीं हें दोन्ही गुण जातात. म्हणजे भडका टळावा म्हणून जाड गॅस्केट घालावें, आणि त्याच गॅस्केटनें भडक्यास आडोसा करून द्यावा, अशी गत होते. म्हणून जाणते बांधणारे माथ्याचें अंतर एक मिलिमीटरच्या आसपासच ठेवतात आणि दाबप्रमाण कमी करणें असल्यास खोलगट माथ्याचा पिस्टन किंवा मोठ्या पोकळीचें हेड वापरतात. त्यांत पातळ पोलादी गॅस्केट खाऱ्या पाण्यानें गंजतें आणि अत्यंत सपाट बैठकीवांचून तें धरतहि नाहीं. यास्तव कित्येक जण गॅस्केट नेहमींचेंच ठेवून ब्लॉकची बैठक तेवढी खालीं घेतात. अंतर आधीं, गॅस्केट मागून, हा त्यांचा क्रम आहे.

डिझेल इंजिनाची गोष्ट याच धर्तीची, पण अधिक कडक. ज्या ०.६ मि.मी. नें त्या पेट्रोल इंजिनाचें दाबप्रमाण अर्ध्यानेंहि उतरलें नाहीं, त्याच ०.६ मि.मी. नें वर सांगितलेल्या टीव्ही-१ चें प्रमाण १७.५ वरून १६.१ वर येतें, कारण डिझेलमध्यें कोंडण्याची जागाच लहान असते. आणि आपल्या पंपाच्या इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर जी वाटी असते, तिच्यांतच तेलाचा फवारा पडतो. तेलास लागणारी हवा त्या वाटींत असावी. कडेच्या फटींत राहिलेली हवा तेलास वेळेवर भेटत नाहीं, ती फुकट जाते. फट वाढविली कीं वाटीबाहेरची ही निकामी हवा वाढते. भरल्या ओझ्यावर येणारा काळा धूर आणि वाढलेला डिझेलचा खर्च यांचें एक कारण येथें आहे.

आतां मोजणीकडे वळूं. आमच्या मतें हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण अंदाजानें निवडलेलें गॅस्केट बरोबर ठरलें तर तो नशिबाचा भाग समजावा. मोजणीची सोपी रीत शिशाच्या तारेची आहे. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची शिशाची नरम तार घ्यावी, न मिळाल्यास डाखाची तार चालते. दोनदोन सेंटिमीटरचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर थोड्या ग्रीसनें चिकटवावे. ते पिनीच्या रेषेंत, पिनीच्या दोन्ही टोकांवर असावे. आडवे ठेवल्यास पिस्टन कलतो आणि माप खोटें येतें. वाटीवर किंवा व्हॉल्व्हांखालीं ते येऊं देऊं नयेत. मग गॅस्केट व हेड बसवून नट पुऱ्या ताणानें आवळावे, आणि हातानें इंजिन सावकाश फिरवून पिस्टन वरच्या टोकाच्या पलीकडे न्यावा. हेड उतरवून चेपलेले तुकडे मायक्रोमीटरनें मोजावे. दोहोंची सरासरी तें माथ्याचें अंतर. तुकडे मुळींच चेपले नसतील तर अंतर तारेच्या जाडीहून मोठें आहे, हेंहि एक उत्तरच आहे. अधिक जाड तार घेऊन पुन्हां मोजावें.

दुसरी रीत डायल गेजची. ट्रॅक्टरसारख्या अनेक सिलिंडरी इंजिनास हीच सोयीची. हेड काढलेलें असतां पिस्टन वरच्या टोकास आणून त्याचा माथा ब्लॉकच्या बैठकीच्या किती वर किंवा किती खालीं आहे तें पाहावें. हेडाचें तोंड सपाट असेल तर पुढचा हिशेब तोंडी होतो. एक मिलिमीटर अंतर हवें आहे आणि पिस्टन ०.२ मि.मी. खालीं राहतो, तर ०.८ मि.मी. चें गॅस्केट. पिस्टन ०.३ मि.मी. वर येतो, तर १.३ मि.मी. चें. अनेक सिलिंडर असतील तर जो पिस्टन सर्वांत उंच येतो त्याच्यावरून जाडी ठरवावी, सरासरीवरून नव्हे. मोटारींच्या कित्येक डिझेल इंजिनांस कारखाने एकाच गॅस्केटचे दोन-तीन जाड्यांचे प्रकार याच कारणासाठीं पुरवितात आणि ओळखण्यासाठीं कडेस छिद्रें किंवा खांचा पाडतात. फोक्सवॅगनच्या १.९ लिटर टीडीआय इंजिनास पिस्टन ०.९१ ते १.०० मि.मी. वर येत असल्यास एका छिद्राचें, १.०१ ते १.१० असल्यास दोन छिद्रांचें आणि १.११ ते १.२० असल्यास तीन छिद्रांचें गॅस्केट घालावें असा नियम आहे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शासाठीं तो कारखाना वेगळें गॅस्केट काढतो, आणि आपण सबंध गॅस्केटाच्या जाडीचा प्रश्न डोळ्यांच्या अंदाजावर सोडतों! जुनें गॅस्केट फेकण्यापूर्वीं त्याच्या कडेची खूण पाहून ठेवावी.

येथें एक सूचना. हिशेबांत घ्यावयाची जाडी ती आवळल्यानंतरची. पाकिटांतील कोरें गॅस्केट मोजून उपयोग नाहीं. थरांचें गॅस्केट नट आवळतांच दबतें. जुनें, एकदां आवळलेलें गॅस्केट हाताशीं असेल तर त्याच्या न जळलेल्या भागाचें माप घ्यावें, तेंच खरें.

आतां आमच्या फिटराच्या बोलण्याकडे परत येतों, कारण अशी समजूत आम्हांस पुढें पुष्कळ ठिकाणीं आढळली. हेडाचा ०.४ मि.मी. माल काढला म्हणून पिस्टन हेडाच्या ०.४ मि.मी. जवळ आला, असें तो म्हणाला. पण हेडाचें तोंड जर सपाट असेल आणि जळण्याची पोकळी पिस्टनच्या वाटींत असेल, तर तोंड कितीहि खरवडलें तरी नवें तोंड गॅस्केटवरच येऊन बसतें. पिस्टन आणि तें तोंड यांतील अंतर तिळभरहि बदलत नाहीं! भिंतीवरची फळी खालून तासली आणि पुन्हां त्याच भिंतीवर ठेवली, तर फळी पातळ होते, पण तिची खालची बाजू भिंतीच्या माथ्यावरच राहते. पोकळी हेडांत असते अशा पेट्रोल इंजिनांत मात्र पोकळी उथळ होऊन जागा खरोखर घटते. तसेंच ब्लॉकची बैठक खरवडली असेल तर दोन्ही जातींत पिस्टन वर येतो, आणि तेथें जाड गॅस्केटाचा विचार करणें योग्य आहे. दुरुस्तीसाठीं म्हणून थोडीं जाड गॅस्केटें कांहीं कारखाने देतातहि.

सपाट हेड खरवडल्यानें बदलतें तें निराळें, आणि तिकडे मात्र कोणी पाहत नाहीं. व्हॉल्व्हांचे माथे हेडाच्या तोंडापासून जितके आंत बसलेले असतात तितके ते राहत नाहींत, ०.४ मि.मी. नें तोंडाच्या जवळ येतात आणि पिस्टनला लागण्याचा संभव उत्पन्न होतो. त्यावर उपाय व्हॉल्व्हांच्या बैठका तेवढ्या खोल घेणें हा आहे. इंजेक्टरचें टोंकहि तेवढेंच अधिक बाहेर येतें आणि फवारा वाटीच्या ठरल्या जागेऐवजीं खालीं पडतो. त्यासाठीं इंजेक्टरखालील तांब्याची चकती तेवढी जाड घालावी. गॅस्केटची जाडी बदलली असेल किंवा हेड खरवडलें असेल, तर टॅपेटांचें अंतर पुन्हां लावलेंच पाहिजे.

ज्या इंजिनांत लायनर काढता येतो आणि त्याच्या बाहेरून थेट पाणी खेळतें, त्यांत आणखी एक माप पाहावें. लायनरची कॉलर ब्लॉकच्या बैठकीपेक्षां किंचित्, मिलिमीटरच्या कांहीं शतांशांनीं, उंच असावी लागते; त्या उंचवट्यानेंच गॅस्केट तेथें घट्ट चिमटलें जातें. गंजामुळें कॉलरखालची बैठक खचून लायनर खालीं गेला असेल, तर जाड गॅस्केट, पातळ गॅस्केट, महाग गॅस्केट, सर्व सारखींच जळतात. एकाच मोसमांत तीन गॅस्केटें जाळलेला ट्रॅक्टर आमच्या पाहण्यांत आहे. त्याचा दोष अखेर येथेंच निघाला.

गॅस्केटच्या जातीविषयीं थोडक्यांत. जुन्या इंजिनांत तांब्याच्या पत्र्यांमध्यें अ‍ॅस्बेस्टॉस घातलेलीं गॅस्केटें असत. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसास प्राणघातक अपाय करते हें आतां निर्विवाद ठरलें आहे. तेव्हां असें जुनें गॅस्केट निघालें तर तें पाण्यानें ओलें करून हळू सोडवावें, कोरड्या तारेच्या ब्रशानें खरवडूं नये आणि पोरासोरांच्या हातीं देऊं नये. हल्लीं ग्रॅफाइटचीं किंवा पोलादाच्या अनेक पातळ पत्र्यांचीं गॅस्केटें मिळतात. ग्रॅफाइटचें गॅस्केट बैठकीचा बारीकसा दोष पोटांत घालतें. पत्र्यांच्या गॅस्केटास आरशासारखी बैठक लागते, आणि आपल्या तालुक्याच्या लेथवर ती मिळेलच असें नाहीं. जात कोणतीहि असो, जी कारखान्यानें सांगितली तिच्या आवळलेल्या जाडीचीच घ्यावी. दोन गॅस्केटें एकावर एक कधींहि घालूं नयेत: जाडीचा दोष तर आहेच, शिवाय दोहोंमधील सांध्यास धरून ठेवणारें कांहींच नसतें. वांकलेल्या हेडावर जाड गॅस्केट हाहि उपाय नव्हे. सरळ पट्टी हेडावर निरनिराळ्या दिशांनीं ठेवून खालून ०.१ मि.मी. ची पत्ती सरकूं लागली तर लहान इंजिनाचें हेडहि लेथवर पाठवावें.

बसवितांना ब्लॉकच्या ज्या भोकांचा तळ बंद आहे त्यांतील तेल व पाणी कापसानें टिपून घ्यावें. बोल्ट आवळतांना तें कोंडलें तर ब्लॉकला चीर जाते. नट मधून बाहेर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळावे, आणि टॉर्कचा पाना गांवांत एकाकडे तरी असावा. आमच्या सोसायटीनें तो घेतला आहे. सभासदांस एक दिवसाकरितां नेतां येतो.

आमच्या इंजिनाचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. दोन गॅस्केटें असतांना शिशाच्या तुकड्यांचीं मापें २.२८ आणि २.३२ मि.मी. भरलीं, म्हणजे सरासरी २.३०. पुस्तकांत ०.९ ते १.१ मि.मी. लिहिलें होतें. गॅस्केट आवळल्यावर १.२ मि.मी. होतें, म्हणजे दोहोंचे २.४, आणि पिस्टन ब्लॉकच्या ०.१ वर. एकच गॅस्केट घातलें असतां अंतर १.१ मि.मी. यावयास हवें, आणि तार पुन्हां ठेवून पाहिलें तों तेवढेंच आलें. व्हॉल्व्हांच्या बैठका खोल करून घेतल्या, इंजेक्टरखालील चकती बदलली, पाण्याच्या पोकळींतील पुटें काढलीं. दुसऱ्या पहाटे एका गड्यानें हँडल मारलें आणि चौथ्या फेऱ्यास इंजिन लागलें. पिस्टनची उंची, गॅस्केटची आवळलेली जाडी, माथ्याचें अंतर आणि तारीख, हे चार आंकडे आम्हीं पंपघराच्या दाराच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेवले आहेत. हेड पुन्हां उतरेल त्या दिवशीं तेथूनच मोजणीस आरंभ करावयाचा आहे.